दोन किनाऱ्यांची एक लग्नगाठ

दोन वेगळ्या देशांतील वधूवरांचे लग्न जुळले म्हणजे उभयपक्षांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो विधींचा. तुमचे किती आणि आमचे किती? मानपान कोणाकडून, पंगत कोणत्या पद्धतीची, पोशाख कोणता? बहुधा अशा वेळी दोन वेगळ्या कापडांचे तुकडे शेजारी शेजारी शिवावेत तसे काहीतरी करून वेळ निभावून नेली जाते. परंतु काही विवाह असे असतात की, वरवर पाहता दोन टोकांची वाटणारी माणसे मांडवात उभी राहतात आणि विधी सुरू झाल्यावर असे ध्यानात येते की, ही कापडे मुळात एकाच मागावर विणलेली आहेत. मेक्सिकन आणि फिलिपिनो कुटुंबांमधील विवाह हे अशांपैकी एक उदाहरण आहे. मध्ये पॅसिफिक महासागर, भाषा निराळ्या, वंश निराळे. आणि तरीही वराने वधूच्या ओंजळीत ओतावयाची नाणी दोन्हीकडे तेराच! हे कसे घडले, आणि अशा विवाहात मिलाफ करावयाचा तो नेमका कशाचा, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. विषय दूरचा आहे. पण त्यातून निघणारा प्रश्न आपल्या उंबरठ्याबाहेरचा नाही.

प्रथम इतिहास पाहू. 1521 साली स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोची राजधानी जिंकली. पुढे 1564 च्या नोव्हेंबरात लेगास्पी याच्या नेतृत्वाखाली जो तांडा फिलिपाइन बेटांकडे निघाला तो स्पेनमधून नव्हे, तर मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरून. 1565 साली उर्दानेता या धर्मगुरूने परतीचा सागरी मार्ग शोधून काढला, आणि तेव्हापासून 1815 पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे, आकापुल्को आणि मनिला या दोन बंदरांमध्ये मोठी गलबते ये-जा करीत राहिली. जाताना सुमारे तीन महिने लागत. येताना मात्र उत्तरेकडून वळसा घ्यावा लागे, म्हणून चार ते सहा महिने. मनिलाहून रेशीम, चिनी मातीची भांडी व मसाले जात, आणि आकापुल्कोहून मुख्यतः चांदी येई. फिलिपाइन बेटांचा कारभारही 1821 साली मेक्सिको स्वतंत्र होईपर्यंत मेक्सिको शहरातील व्हाइसरॉयच्या अखत्यारीत चाले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. फिलिपाइन बेटांत स्पॅनिश म्हणून जे आले ते पुष्कळदा मेक्सिकोत मुरून आले. धर्मगुरू, शिपाई, कारकून, मूर्ती, नाणी, भाज्या, सारे त्याच वाटेने आले. मनिलाच्या कियापो भागातील काळ्या नाझरेनची मूर्ती 1606 साली मेक्सिकोतून आली, आणि अंतिपोलोची देवी 1626 साली आकापुल्कोहून.

या वाटेने माणसेही गेली. गलबतांवरचे खलाशी मोठ्या संख्येने फिलिपिनो असत. 1619 साली सेबास्तियान दे पिनेदा या अधिकाऱ्याने तक्रार लिहून ठेवली आहे की, एका गलबतावरचे पंचाहत्तर देशी खलाशी आकापुल्कोला उतरले, त्यांतले जेमतेम पाच परत फिरले. बाकीचे मेक्सिकोच्या किनाऱ्यावर राहिले आणि नारळाची माडी काढू लागले. कोलिमा प्रांतात आजही या माडीला ‘तुबा’ म्हणतात, आणि हा शब्द फिलिपाइन भाषांतला आहे. या किनाऱ्यावर राहिलेल्या खलाशांनी तेथल्याच स्त्रियांशी संसार मांडले. तेव्हा मेक्सिकन-फिलिपिनो विवाह ही आजच्या विमानयुगाची नवलाई नव्हे. ती चारशे वर्षांची जुनी गोष्ट आहे.

या व्यवहाराचे दोन धागे आपल्यापर्यंतही पोहोचतात. मेक्सिकोत उत्तम आंब्याच्या एका जातीला ‘मनिला आंबा’ म्हणतात. आशियातले हे फळ गलबतातून तिकडे गेले. उलट, आपण घोलवडचा म्हणून कौतुकाने खातो तो चिकू मूळचा मेक्सिकोचा. तेथल्या नाहुआ लोकांच्या शब्दापासून स्पॅनिश ‘चिकोसापोते’ झाला, फिलिपाइन्समध्ये ‘चिको’ झाला आणि आपल्याकडे ‘चिकू’. दुसरा धागा मात्र दुःखाचा आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानातून पळवून नेलेली एक मुलगी कोचीनमार्गे मनिलाला आणि तेथून आकापुल्कोला गुलाम म्हणून विकली गेली. पुढे प्वेब्ला शहरात ती ‘कातारिना दे सान हुआन’ या नावाने साध्वी म्हणून पूज्य झाली आणि 1688 साली तेथेच वारली. गलबतांच्या वाटेवर रेशमाबरोबर अशी माणसेही वाहिली गेली, हे विसरून चालणार नाही.

आता विधींकडे वळू. दोन्ही देशांतील बहुसंख्य लोक रोमन कॅथलिक आहेत. कॅथलिक मताप्रमाणे विवाह सिद्ध होतो तो वधूवरांच्या परस्पर संमतीने. धर्मगुरू साक्षीस असतो. शपथ मात्र त्या दोघांनीच घ्यावयाची असते. बाकीचे जे विधी आहेत ते या संमतीभोवती गुंफलेले आहेत. म्हणूनच त्यांत प्रदेशपरत्वे फरक होऊ शकला, आणि म्हणूनच त्यांचा मिलाफही करता येतो. स्पेनमध्ये जे विधी रूढ होते त्यांपैकी तीन आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत : नाणी, वस्त्र आणि दोर.

नाण्यांना ‘आर्रास’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ विसार. आपल्याकडे जमिनीचा किंवा घराचा व्यवहार पक्का करताना विसार देतात, त्याच अर्थाचा हा प्राचीन शब्द सेमिटिक भाषांतून ग्रीक व लॅटिनमध्ये आणि तेथून स्पॅनिशमध्ये आला. वराने वधूला दिलेला हा विसार म्हणजे तिच्या पोषणाची हमी होती. नाणी तेरा का, याची उत्तरे दोन देतात. कोणी म्हणतात, ख्रिस्त आणि त्याचे बारा शिष्य मिळून तेरा. कोणी म्हणतात, वर्षाच्या बारा महिन्यांची बारा आणि तेरावे गरिबांसाठी. दुसरे उत्तर आम्हांला अधिक आवडते, कारण त्यात संसाराचा हिशेब मांडतानाच शेजाऱ्याचा वाटा काढून ठेवला आहे. मेक्सिको शहरातील टांकसाळ 1535 साली सुरू झाली आणि तिची चांदी पुढे मनिलाच्या बाजारात शतकानुशतके चालली. फिलिपिनो वधूच्या ओंजळीत मेक्सिकोची नाणी पडत असावीत, यात नवल ते काय?

दुसरा विधी वस्त्राचा. एकच शुभ्र वस्त्र वधूच्या मस्तकावर आणि वराच्या खांद्यावर पांघरावयाचे, म्हणजे दोघे एका छायेखाली आले. फिलिपाइन्समध्ये हा विधी आजही थाटाने होतो. मेक्सिकोत तो बहुतेक ठिकाणी मागे पडला आहे; परंतु तेथील विवाहाच्या मुख्य पालकांना अजून ‘वेलासियोन’चे पालक म्हणतात, आणि हा शब्द त्या पांघरण्यावरूनच आला आहे. वस्त्र गेले, नाव राहिले. रूढींचा इतिहास पुष्कळदा अशा रिकाम्या नावांतच सापडतो.

तिसरा विधी दोराचा. सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिदोर याने लिहून ठेवले आहे की, वधूवरांना पांढऱ्या व तांबड्या रंगाच्या एका फितीने जोडतात. पांढरा रंग जीवनाच्या शुद्धतेचा आणि तांबडा संततीचा. मेक्सिकोत या दोराला ‘लासो’ म्हणतात. तो पुष्कळदा दुहेरी जपमाळेच्या रूपात असतो : दोन वेढे, मध्ये एक क्रूस. फिलिपाइन्समध्ये तो रेशमी दोराचा किंवा फुलांचा असतो, आणि इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणे दोघांच्या खांद्यांवर घालतात. तेथे त्याचे एक नाव ‘युगाल’ आहे. हे नाव ऐकताच मराठी माणसाचे कान टवकारतील, आणि ते योग्यच आहे. हा शब्द लॅटिनमधील जुवाच्या शब्दापासून निघाला आहे, आणि लॅटिनचा तो शब्द व आपला ‘युग’ हे एकाच आद्य भाषेची लेकरे आहेत. आपले ‘युगुल’ आणि बैलांच्या मानेवरचे ‘जू’ही त्याच घराण्यातले. मनिलाच्या चर्चमधील दोर आणि आपल्या शेतातील जू यांचे नाते असे दूरचे, परंतु खरे आहे.

एवढ्यावरून कोणी असा समज करून घेईल की, या दोन्ही समाजांनी सारे काही स्पॅनिश लोकांकडून घेतले. तसे नाही. सुमारे 1541 साली मेक्सिकोत तयार झालेली एक चित्रपोथी आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. ‘कोडेक्स मेंडोसा’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात जुन्या नाहुआ विवाहाचे चित्र आहे. रात्रीची वेळ, मशाली पेटलेल्या, मध्यस्थी करणारी स्त्री नवरीला पाठीवर घेऊन वराच्या घरी नेत आहे. घरात चुलीसमोर चटई अंथरली आहे, तिच्यावर वधूवर बसले आहेत, आणि त्याच्या अंगावरच्या वस्त्राची व तिच्या कुडत्याची गाठ बांधली आहे. आपल्या उपरण्याची आणि शालूची गाठ आठवून आपण हे चित्र पाहू लागलो तर परके वाटावयाचे नाही. ज्यांच्या घरी अशी गाठ आधीच होती त्यांना चर्चमधील लासो अपरिचित कसा वाटेल? त्याचप्रमाणे फिलिपाइन बेटांतील काही समाजांत वधूवरांनी एकाच ताटातील भात खाणे हा विवाहाचा मुख्य विधी होता. वराने वधूच्या घरी राहून काही काळ चाकरी करण्याची प्रथा होती. आणि वरपक्षाने वधूच्या घरी ‘चढून’ जाऊन सोयरीक मागण्याची प्रथा तर ‘पामानहिकान’ या नावाने आजही पाळतात. घरे खांबांवर उंच बांधलेली, म्हणून जिना चढावयाचा, आणि त्या चढण्यावरूनच विधीला नाव पडले. नवा धर्म तलवारीच्या पाठोपाठ आला, हे खरे. परंतु तो लोकांच्या अंगणात रुजला तो या जुन्या मुळांना धरूनच.

दोन्हीकडे सारखी असलेली आणखी एक संस्था म्हणजे लग्नातील धर्मपालकांची. मेक्सिकोत पुरुषास ‘पाद्रिनो’ व स्त्रीस ‘माद्रिना’ म्हणतात. फिलिपाइन्समध्ये ‘निनोंग’ आणि ‘निनांग’. नाण्यांचे पालक वेगळे, दोराचे वेगळे. फिलिपाइन्समध्ये मेणबत्त्या पेटविणारे आणि वस्त्र पांघरणारे आणखी निराळे. त्याखेरीज मुख्य पालकांच्या जोड्या असतात. त्या साक्षीदार म्हणून सह्या करतात आणि पुढे आयुष्यभर त्या जोडप्याला वडीलकीचा सल्ला देतात. मेक्सिकोत मात्र पालकत्वाला खर्चाची बाजू अधिक असते. एकाने केकचा खर्च उचलावा, दुसऱ्याने वाजंत्रीचा, तिसऱ्याने हारतुऱ्यांचा, अशी वाटणी होते, आणि साधारण ऐपतीच्या घरातले लग्नही त्यामुळे पार पडते.

आता ज्या गोष्टीमुळे हा विषय केवळ कुतूहलाचा राहत नाही ती सांगितली पाहिजे. विसाव्या शतकात मेक्सिकन आणि फिलिपिनो माणसे पुन्हा समोरासमोर आली ती कॅलिफोर्नियाच्या शेतांत. फिलिपाइन बेटे तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होती, आणि 1920 नंतर तेथून हजारो तरुण मजुरीसाठी आले. त्यांत स्त्रिया फारच थोड्या होत्या. आणि कॅलिफोर्नियाचा कायदा गोऱ्यांना ‘मंगोल’ वंशीयांशी विवाह करू देत नसे. साल्वादोर रोल्दान या फिलिपिनो तरुणाने न्यायालयात दाद मागितली. आम्ही मलय आहोत, मंगोल नव्हे, असा युक्तिवाद झाला आणि 1933 साली न्यायालयाने तो मान्य केला. तेव्हा त्याच वर्षी विधिमंडळाने कायद्यात ‘मलय’ हा शब्द घालून ती वाट बंद केली! मेक्सिकन लोक कायद्याच्या कागदावर गोरे गणले जात. व्यवहारात मात्र कोणीही त्यांना गोरे मानीत नसे. त्यामुळे फिलिपिनो वर आणि मेक्सिकन वधू परवाना मागावयास गेली, की तो मिळणे न मिळणे पुष्कळदा खिडकीमागच्या कारकुनाच्या नजरेवर अवलंबून राही. तशाही स्थितीत अशी लग्ने झाली, कारण दोघे एकाच शेतात राबत, एकाच चर्चमध्ये गुडघे टेकीत. त्याच काळात पंजाबातून गेलेल्या आपल्या शेतकऱ्यांनीही इंपीरियल खोऱ्यात मेक्सिकन स्त्रियांशी संसार थाटले, हेही येथे सांगावयास हवे.

हा कायदा मोडला तो 1948 साली. आंद्रेआ पेरेझ ही मेक्सिकन वंशाची तरुणी आणि तिचा कृष्णवर्णीय वर या दोघांना परवाना नाकारला गेला होता. दोघेही कॅथलिक. आमचा धर्म आम्हांला विवाह करू देतो, मग सरकार आडवे येणारे कोण, असा त्यांच्या वकिलाचा सवाल होता. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तो कायदा घटनाबाह्य ठरविला. परंतु तोपर्यंत अनेक फिलिपिनो मजुरांचे तारुण्य अविवाहित अवस्थेतच सरले होते. 1965 च्या सप्टेंबरात डेलानो येथे द्राक्षमळ्यांतील फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला, आणि आठवड्याभरात सीझर चावेझ यांचे मेक्सिकन सहकारी त्यांना येऊन मिळाले. पुढे 1974 साली याच मजुरांपैकी वृद्ध, एकाकी उरलेल्यांसाठी तेथे निवासस्थान उघडावे लागले. आज कॅलिफोर्नियातील एखाद्या चर्चमध्ये मेक्सिकन वधू आणि फिलिपिनो वर एका दोरात उभे राहतात, तेव्हा तो दोर केवळ शोभेचा नसतो. जो एका पिढीला नाकारला गेला होता तोच तो दोर आहे.

मग असे लग्न प्रत्यक्षात लावावे कसे? चर्चने याची दखल घेतली आहे. 2016 साली अमेरिकेत जो नवा इंग्रजी विवाहविधी प्रचारात आला त्यात नाणी आणि लासो किंवा वस्त्र यांचे विधी ऐच्छिक म्हणून समाविष्ट झाले. तेव्हा परवानगीचा प्रश्न उरला नाही. उरला तो विवेकाचा. आमच्या मते येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली ही की, जे दोघांचेही आहे ते एकदाच करावे. दोन दोर घालण्यात काय अर्थ? दोराने सांगावयाचे ते एकत्वच. दोन दोर घातले की तेच हरवते. दोर मेक्सिकन जपमाळेचा असावा आणि तो घालणारे हात फिलिपिनो पालकांचे असावेत. किंवा नाणी एका घराची आणि पेटी दुसऱ्या घराची असावी. येथे मिलाफ वस्तूंचा न राहता माणसांचा होतो.

दुसरी गोष्ट अशी की, जे एकाकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही ते अर्थ समजावून सांगून करावे. वस्त्राचा विधी मेक्सिकन पाहुण्यांना आज नवा वाटेल. पण तो आपल्याच आजोळचा आहे हे कळल्यावर त्यांना परका वाटणार नाही. उलटपक्षी, मेक्सिकन लग्नात वधूवर खुर्च्यांवर उभे राहून ओढणीची कमान धरतात आणि वऱ्हाडी मंडळी हातात हात गुंफून तिच्याखालून धावतात. त्यात फिलिपिनो पाहुण्यांना सहज ओढून घेता येते. वधूवरांच्या कपड्यांना नोटा टाचण्याचा नाच तर दोन्हीकडे आहे. आपण त्याला नाचता आहेर म्हणू!

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. शब्द सारखा म्हणजे अर्थ सारखा, असे धरून चालू नये. ‘आदोबो’ हा पदार्थ दोन्हीकडच्या जेवणात असतो. परंतु मेक्सिकोत तो मिरच्यांचे तांबडे वाटण असतो आणि फिलिपाइन्समध्ये शिरका, लसूण व सोयाबीनचा रस घालून शिजविलेले मांस. पाहुण्याने एक समजून दुसरे खाल्ले तर फार तर जिभेची फसगत होईल. परंतु ‘पालक’ या शब्दाच्या बाबतीत अशी गल्लत झाली की रुसवेफुगवे होतात. फिलिपिनो घराण्यातील मान्यवर गृहस्थाला सल्लागार म्हणून बोलवावयाचे आणि मेक्सिकन पद्धतीने त्याच्यापुढे केकचे बिल ठेवावयाचे, याने बिघाड होणारच. हे सारे सोयरिकीच्या बैठकीतच स्पष्ट बोलून घ्यावे. कायद्याची बाजूही तशीच. मेक्सिकोत 1859 पासून विवाह कायदेशीर होतो तो सरकारी नोंदणीने, चर्चमधील विधीने नव्हे. फिलिपाइन्समध्ये मात्र परवाना असेल तर धर्मगुरूपुढे झालेले लग्न कायद्यासही मान्य असते. देश कोणता हे पाहूनच पावले टाकावी लागतात.

आणि अर्थ बदलण्याचे धाडसही असावे लागते. आर्रास मूळचा पुरुषाने स्त्रीला दिलेला विसार. ज्या घरात दोघेही कमावतात त्या घरात ही एकतर्फी हमी कितपत शोभेल? नव्या विधीत ती नाणी वराकडून वधूकडे आणि वधूकडून वराकडे अशी दोन्ही बाजूंनी जातात. नाणी तीच, संख्या तीच. पण पोशिंदा आणि पोसली जाणारी हा भेद गेला. रूढी जिवंत असल्याची खूण हीच असते.

आपल्या गोव्यात आणि वसईतही अशीच कहाणी घडली आहे. तेथे पोर्तुगीज आले, चर्च आले. पण लग्नाआधीचा नारळाच्या रसाचा ‘रोस’, वधूच्या हातातील चुडा, वसई-मुंबईकडचे उंबराचे पाणी हे सारे टिकून राहिले. कोणी त्याला अर्धवट ख्रिस्तीपणा म्हणेल, कोणी अर्धवट हिंदूपणा. आम्हांला यात अर्धवट काहीच दिसत नाही. माणूस देव बदलतो, राज्य बदलते, देश बदलतो; पण मुलीला निरोप देताना आई जे करीत आली ते सहसा टाकवत नाही.

आपल्याकडेही 1954 च्या विशेष विवाह कायद्याने भिन्न धर्मीयांना नोंदणीने लग्न करण्याचा मार्ग मोकळा आहे, आणि प्रांतांच्या व जातींच्या सीमा ओलांडून सोयरिकी होत आहेत. अशा घरांतील वडील मंडळी आम्हांला पुष्कळदा विचारतात, विधी कोणाचे करावेत? आमचे उत्तर एवढेच की, ‘कोणाचे’ हे आधी विचारू नका. ‘कशासाठी’ हे विचारा. जो विधी कशासाठी आहे हे दोन्ही घरांना सांगता येते तो दोन्ही घरांचा होतो. ज्याचे कारण कोणालाच सांगता येत नाही तो आपल्या स्वतःच्या घरातही परकाच असतो.